गोष्टीचे उस्ताद : ना. सी. फडके

मुलांनो, उर्दू शायरीचा तास सुरू असताना उस्ताद आणि शागिर्द हे शब्द तुम्ही पुष्कळदा ऐकले असतील. शागिर्द गझल लिहून उस्तादांपुढे ठेवी. उस्ताद एखादा शब्द काढत, एखादा बदलत, वजन कोठे चुकले ते दाखवत. या दुरुस्तीला इस्लाह म्हणतात. इक्बाल तरुण होते तेव्हा ते आपल्या गझला टपालाने दाग देहलवी यांच्याकडे इस्लाहसाठी पाठवत असत. म्हणजे उस्ताद दुसऱ्या गावी असला तरी शिकता येत होते.

पण गोष्ट लिहिणाऱ्याने कोणाकडे जायचे? गझलेला वजन असते, काफिया असतो, रदीफ असते. चूक लगेच सापडते. गोष्ट मात्र साध्या गद्यात असते. ती फसली तर ती कंटाळवाणी झाली एवढेच वाचक सांगू शकतो. का फसली, कोठे फसली, हे त्याला सांगता येत नाही. मराठीत १९३१ साली एका प्राध्यापकाने या प्रश्नाचे उत्तर पुस्तकाच्या रूपाने दिले. त्या पुस्तकाचे नाव 'प्रतिभासाधन' आणि त्या प्राध्यापकांचे नाव नारायण सीताराम फडके.

फडके यांचा जन्म ४ ऑगस्ट १८९४ रोजी कर्जत येथे झाला. हे कर्जत म्हणजे मुंबईजवळचे नव्हे. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले, भीमेच्या पलीकडचे कर्जत. आपल्या माळशिरस तालुक्यापासून ते फार लांब नाही, आणि पाऊस तिकडेही आपल्यासारखाच बेभरवशाचा. पुढे शिक्षणासाठी ते पुण्यास आले. तत्त्वज्ञान हा विषय घेऊन ते एम. ए. झाले. तत्त्वज्ञान म्हणजे फलसफा. हा विषय लक्षात ठेवा. कोणतीही गोष्ट घेऊन तिचे भाग वेगळे करायचे, कोणता भाग कशासाठी आहे ते तपासायचे, ही सवय त्यांना तेथेच लागली असावी असे मला वाटते.

लिहिण्याची आवड त्यांना लवकर लागली. 'मेणाचा ठसा' ही त्यांची पहिली कथा १९१२ साली 'केरळकोकिळ' या मासिकात छापून आली. तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. पहिली कादंबरी १९१७ साली निघाली. तिचे नाव सांगितले की आपल्या वर्गात सगळे माना वर करतात. ते नाव 'अल्ला हो अकबर'. मात्र ही कादंबरी मेरी कोरेली या इंग्रज लेखिकेच्या कादंबरीवर आधारलेली होती. नवशिका शागिर्द उस्तादाच्या जमिनीत गझल लिहितो ना, तसाच हा प्रकार. दुसऱ्याची गोष्ट घेऊन ती आपल्या भाषेत पुन्हा उभी करताना ती आतून कशी बांधलेली आहे हे कळते. फडके यांना ते तेव्हाच कळले असणार.

शिक्षण संपल्यावर त्यांनी पुण्याच्या न्यू पूना कॉलेजात शिकवले. पुढे हेच कॉलेज सर परशुरामभाऊ कॉलेज म्हणून ओळखले जाऊ लागले. नंतर ते कोल्हापूरला राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले आणि निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. दिवसा वर्गात फलसफा शिकवायचा आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहायच्या, असा त्यांचा क्रम. 'कुलाब्याची दांडी' १९२५ साली आली, 'जादूगार' १९२८ साली, 'दौलत' १९२९ साली आणि 'अटकेपार' १९३१ साली. या कादंबऱ्यांतले तरुण-तरुणी कॉलेजात शिकतात, टेनिस खेळतात, प्रेमात पडतात. त्या काळच्या वाचकाला हे सर्व नवे होते. वाचनालयात फडके यांच्या नव्या कादंबरीसाठी लोक नंबर लावत.

त्यापूर्वी मराठी कादंबरी नव्हती असे मात्र समजू नका. बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' १८५७ साली प्रसिद्ध झाली. उर्दूत डिप्टी नजीर अहमद यांची 'मिरातुल उरूस' १८६९ साली आली. या दोन्ही पुस्तकांत स्त्रियांचे जीवन आहे आणि दोन्हींत लेखकाला काहीतरी शिकवायचे आहे. त्यानंतर हरी नारायण आपटे यांनी मराठी कादंबरीला खरे बळ दिले. पण आपटे यांच्या कादंबऱ्या नियतकालिकात हप्त्याहप्त्याने येत. त्यामुळे त्या लांबत, मध्येच लेखक वाचकाशी गप्पा मारू लागे, आणि गोष्ट तोवर ताटकळत उभी राहायची. फडके यांना हे खटकले. गोष्ट बांधेसूद असली पाहिजे, असे त्यांचे मत झाले. बांधेसूद म्हणजे ज्यातले काही काढता येत नाही आणि ज्यात काही घालताही येत नाही असे.

याच मतातून 'प्रतिभासाधन' तयार झाले. प्रतिभा म्हणजे नवे निर्माण करण्याची उपजत शक्ती. साधन म्हणजे मिळवणे किंवा मिळवण्याचा मार्ग. आता या नावातच एक भांडण लपले आहे. जी शक्ती जन्मतःच असते ती मिळवायची कशी? उर्दूत आपण आमद आणि आवर्द असे म्हणतो. शेर आपोआप सुचला तर ती आमद. कष्टाने रचला तर ती आवर्द. आमदच श्रेष्ठ, असे पुष्कळ लोक मानत आले. मौलाना हाली यांनी १८९३ साली 'मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी' लिहिले तेव्हा या समजुतीला धक्का दिला. विचार करून, पुन्हा पुन्हा घासून लिहिलेला शेरच बहुधा अधिक चांगला ठरतो, असे त्यांनी दाखवले. फडके यांचे म्हणणे कथेच्या बाबतीत जवळजवळ तेच होते. प्रतिभा थोडीबहुत लागतेच. पण निरीक्षण, वाचन, सराव आणि तंत्राचा अभ्यास यांवाचून ती वाया जाते, असे ते मानत. तंत्र म्हणजे करण्याची रीत. सुताराला लाकूड ओळखावे लागते आणि सांधाही बसवावा लागतो. कथाकाराचेही तसेच आहे.

हा वाद जगात इतरत्रही झाला होता. १८८४ साली लंडनमध्ये वॉल्टर बेझंट या कादंबरीकाराने एक व्याख्यान दिले. चित्रकलेसारखी कादंबरीही एक कला आहे आणि तिचे नियम शिकवता येतात, असे त्याने मांडले. त्याच वर्षी हेन्री जेम्स या दुसऱ्या मोठ्या कादंबरीकाराने लेख लिहून त्याला उत्तर दिले. आधी नियम ठरवून चांगली कादंबरी लिहिता येत नाही, लेखकाला मोकळीक हवी, असे जेम्सचे म्हणणे. फडके बेझंटच्या बाजूचे. इंग्रजीत कथालेखनावर बरेच ग्रंथ झाले होते आणि फडके यांचे त्या विषयातले वाचन दांडगे होते. मात्र मराठी मुलाला हातात धरून शिकता येईल असे पुस्तक त्यांनी मराठीत दिले, ही गोष्ट मोठी आहे.

त्या पुस्तकात काय आहे? कथानक कसे रचावे, पात्रे कशी उभी करावीत, संवाद कसे लिहावेत, वातावरण कसे आणावे, गोष्ट कोणाच्या तोंडून सांगावी, अशा गोष्टींचा त्यात विचार आहे. हे शब्द तुम्हाला अवघड वाटू नयेत. कथानक म्हणजे आपला प्लॉट. पात्र म्हणजे किरदार. संवाद म्हणजे मुकालमा. वातावरण उभे करणे म्हणजे मंजरकशी. आणि गोष्ट सांगणारा निवेदक म्हणजे रावी.

माझी एक आठवण येथे सांगतो. बी. एड. करत असताना मी एक कथा लिहून एका दिवाळी अंकाकडे पाठवली. ती साभार परत आली. का परत आली ते कोणी कळवले नाही. त्याच सुमारास ग्रंथालयात 'प्रतिभासाधन'ची एक जुनी, शिवण सुटलेली प्रत हाती लागली. ती वाचता वाचता माझ्या कथेची पहिली तीन पाने उगाच लिहिली गेली होती हे मला आपोआप कळले. घरात कोणी लेखक नाही, ओळखीचा संपादक नाही, अशा माणसाला असे पुस्तक केवढा आधार देते ते मी तेव्हा अनुभवले.

म्हणून दरवर्षी वर्गात मी एक प्रयोग करतो. आपल्या अकलूजच्या घोडेबाजारावर गोष्ट लिहा, असे सांगतो. एका मुलाच्या वडिलांना बहिणीच्या लग्नासाठी घोडी विकायची आहे, मुलाने ती लहानपणापासून सांभाळली आहे. एवढाच धागा देतो. बहुतेक वह्यांत सुरुवात सारखीच असते. अकलूज हे नीरा नदीच्या काठी वसलेले गाव आहे, तेथे किल्ला आहे, साखर कारखाना आहे, बाजार भरतो, वगैरे वगैरे. घोडी दुसऱ्या पानावर येते. तोवर वाचक झोपलेला असतो. मग मी फडके यांची रीत सांगतो. गिऱ्हाईक घोडीचे तोंड उघडून दात मोजत आहे, तेथून सुरुवात करा. दातांवरून घोड्याचे वय कळते हे तुमच्यापैकी निम्म्यांना माहीत आहे. मुलगा लगाम धरून उभा आहे आणि त्याचा हात कापत आहे. आता वाचक स्वतःच विचारू लागतो, हा मुलगा कोण, हात का कापतो आहे? नीरा नदी, किल्ला, बहिणीचे लग्न हे सर्व मागाहून थोडे थोडे सांगता येते.

मग गोष्ट सांगणार कोण हे ठरवायचे. मुलगाच मी म्हणून सांगू लागला तर त्याचे दुःख थेट पोचते. पण वडील रात्री घोडीपाशी जाऊन एकटे बसले होते, हे त्याने पाहिलेलेच नसेल तर तो सांगणार कसे? वडिलांच्या मनातले सांगायचे असेल तर रावी बाहेरचा हवा. यात बरोबर-चूक असे काही नाही. मात्र एकदा ठरवले की मध्येच बदलायचे नाही. सौद्याचा प्रसंगही असाच. बाजारात व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून भाव ठरवतात. मुलाला बोटे दिसत नाहीत, भाव कळत नाही, फक्त वडिलांचा चेहरा दिसतो. या ठिकाणी मुकालमा न लिहिणे हेच चांगले, हे मागे एका विद्यार्थिनीने स्वतः शोधून काढले. तिने फडके वाचलेले नव्हते.

हे झाले तंत्राचे कौतुक. पण फडके यांच्यावर टीकाही खूप झाली, आणि ती तुम्हाला माहीत असली पाहिजे.

पहिला वाद वि. स. खांडेकर यांच्या विचारांशी झाला. खांडेकर शिरोड्याला शाळामास्तर होते. १९३८ साली ते चित्रपटांच्या कथा लिहिण्यासाठी कोल्हापूरला आले. म्हणजे मराठीतले दोन सर्वांत लोकप्रिय कादंबरीकार एकाच गावात राहत होते, आणि दोघांची मते दोन टोकांची! कथेने वाचकाला आनंद द्यावा, उपदेशाचे ओझे तिच्यावर लादू नये, असे फडके म्हणत. याला कलेसाठी कला म्हणतात. गरिबी, अन्याय, माणसाची धडपड यांकडे लेखकाला पाठ फिरवता येणार नाही, असे खांडेकर मानत. ही जीवनासाठी कला. उर्दूत याच काळात हेच भांडण चालू होते. १९३६ साली लखनौला तरक्कीपसंद लेखकांची परिषद भरली आणि प्रेमचंद तिचे अध्यक्ष होते. अदब बराए अदब की अदब बराए जिंदगी, हा वाद तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांनीही ऐकला असेल. मराठी साहित्य संमेलनाने मात्र दोघांचाही मान राखला. १९४० साली रत्नागिरीच्या संमेलनाचे अध्यक्ष फडके झाले. दुसऱ्याच वर्षी, १९४१ साली, आपल्या सोलापूरला संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष खांडेकर होते.

दुसरी टीका अधिक खोल होती. तंत्र शिकवता शिकवता त्याचा साचा झाला, असे नव्या लेखकांना वाटू लागले. आकर्षक सुरुवात, मध्ये गुंतागुंत, शेवटी धक्का. हे सगळे जमले की कथा झाली, असे मानून शेकडो लोक लिहू लागले. कथा एकसारख्या दिसू लागल्या. शिवाय फडके यांच्या कादंबऱ्यांतली माणसे बहुतेक सुखवस्तू. उसाच्या फडात राबणारा, मेंढरे घेऊन वणवण करणारा माणूस त्यांत क्वचितच भेटतो. मला स्वतःला ही टीका बरोबर वाटते. फडके यांनी निरीक्षणाचे महत्त्व सांगितले, पण त्यांची स्वतःची नजर शहराच्या एका भागावरच खिळून राहिली.

१९४५ नंतर गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांनी कथेचे रूप पालटून टाकले. यांतले माडगूळकर आपले शेजारी. माणदेशातले माडगूळ हे त्यांचे गाव, आणि माणदेशची कोरडी जमीन आपल्या तालुक्यालाही लागून आहे. १९४९ साली त्यांचे 'माणदेशी माणसं' प्रसिद्ध झाले. त्यात धक्का देणारा शेवट नाही, ओढूनताणून आणलेली गुंतागुंत नाही. एकेक माणूस समोर येतो, आपले आयुष्य दाखवतो आणि निघून जातो. १९५५ साली आलेल्या त्यांच्या 'बनगरवाडी'त तर धनगरांच्या वाडीवर नेमणूक झालेला एक तरुण मास्तरच गोष्ट सांगतो. फडके यांच्या रीतीने पाहिले तर या पुस्तकांना कथानक असे फारसे नाहीच. तरीही ती आज वाचली जातात, आणि 'दौलत', 'जादूगार' वाचणारे थोडे उरले आहेत.

मग फडके चुकले का? मला तसे वाटत नाही. नियम मोडणाऱ्यालाही आधी नियम माहीत असावे लागतात. नव्या कथाकारांना ज्याच्याशी भांडता येईल असे काहीतरी नेमके हवे होते, ते फडके यांनी लिहून ठेवले होते. 'प्रतिभासाधन' निघण्यापूर्वी मराठीत कथेविषयी बोलायला पुरेसे शब्दही नव्हते. इतिहासाचार्य राजवाडे यांचा १९०२ सालचा कादंबरीवरचा निबंध प्रसिद्ध आहे, पण तो लेखन शिकणाऱ्यासाठी नव्हता.

फडके यांचे काम एवढ्यावरच थांबत नाही. 'रत्नाकर' मासिकाचे त्यांनी संपादन केले. लघुनिबंध हा प्रकार मराठीत रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. मित्राशी गप्पा माराव्यात तसा हा निबंध. उर्दूतल्या इन्शाइयाशी त्याचे नाते जवळचे आहे. 'गुजगोष्टी' हा त्यांचा लघुनिबंधांचा संग्रह १९३३ साली निघाला. सत्तरहून अधिक कादंबऱ्या, अनेक कथासंग्रह, टीकेचे ग्रंथ आणि आत्मचरित्र त्यांनी लिहिले. त्यांच्या पत्नी कमला फडके याही कादंबरीकार होत्या. १९६२ साली भारत सरकारने फडके यांना पद्मभूषण दिले. टीका वाढली, वाचक कमी झाले, नवे लेखक पुढे निघून गेले, तरी त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही आणि आपले मतही बदलले नाही. २२ ऑक्टोबर १९७८ रोजी ते वारले. तेव्हा त्यांचे वय चौऱ्याऐंशी वर्षांचे होते.

आपल्या घोडीच्या गोष्टीचे सांगायचे राहिले. शेवट कसा करायचा यावरून वर्गात दरवर्षी भांडण होते. घोडी विकत घेणारा माणूस बहिणीचाच होणारा सासरा निघतो आणि घोडी बहिणीबरोबर त्याच घरी जाते, असा शेवट एक गट सुचवतो. हा शेवट फडके यांच्या वळणाचा. दुसऱ्या गटाला घोडी विकली गेलेलीच हवी असते. मुलगा रिकामे दावे खांद्यावर टाकून वडिलांच्या मागून चालत घरी येतो, दोघेही बोलत नाहीत, एवढेच. हा शेवट माडगूळकरांच्या वाटेने जाणारा. मागच्या वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलाने तिसराच शेवट आणला. त्याच्या गोष्टीत घोडी विकली जाते, मात्र बहीण लग्नाला नकार देते, कारण घोडीला दाणा घालणारी खरी तीच होती आणि तिला कोणी विचारलेच नव्हते. त्याने गोष्ट पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहायला घेतली, कारण आता ती मुलाची राहिली नव्हती.